अन्नाचे आभार आणि एपवर्थचे स्वयंपाकघर



आपण दिवसातून किमान दोन वेळा जेवायला बसतो. वर्षाचा हिशोब केला तर ही संख्या सातशेच्या वर जाते. जप कधी राहून जातो, ध्यानाला कधी वेळ मिळत नाही, सत्संगाच्या दिवशी नेमका पाऊस येतो. जेवण मात्र सहसा चुकत नाही. जी गोष्ट रोज हमखास घडणार आहे, तिच्याशी ईश्वराचे स्मरण बांधून टाकावे, हे शहाणपण जगातल्या सगळ्याच धर्मांना सुचले. कोणी ताटाभोवती पाणी फिरवतो, कोणी नैवेद्य दाखवतो, कोणी ईश्वराचे नाव घेऊन पहिला घास उचलतो. ख्रिस्ती घरांत सगळे बसले की हात जोडून, डोळे मिटून आभार मानले जातात आणि मगच वाढप सुरू होते.

भरल्या ताटापुढे हे सोपे असते. पण डब्यातले तांदूळ तळाला गेले असतील, दुकानदाराची उधारी थकली असेल आणि खाणारी तोंडे दहा असतील, तेव्हा आभार कसे मानायचे? आणि सकाळपासून चुलीपुढे उभे राहून जिचा जीव थकला आहे, तिने कोणत्या मनाने हात जोडायचे? हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरातला आहे. त्याचे उत्तर शोधताना आज आपण सुमारे तीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या एका मोठ्या ख्रिस्ती कुटुंबात जाऊ या.

एकोणीस बाळंतपणे आणि एक घर

लिंकनशायर परगण्यात एपवर्थ नावाचे लहानसे गाव आहे. तेथे सॅम्युअल वेस्ली हे धर्मगुरू होते. त्यांच्या पत्नी सुझाना. सुझानाबाईंचा जन्म १६६९ चा. त्या स्वतः एका धर्मगुरूंच्या घरातल्या, पंचवीस भावंडांत सर्वांत धाकट्या म्हणून ओळखल्या जातात. त्यांना १९ मुले झाली. त्यांतली जवळजवळ निम्मी लहानपणीच गेली. सात मुली आणि तीन मुलगे, अशी दहा मुले मोठी झाली. त्यांतले जॉन आणि चार्ल्स पुढे मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक म्हणून जगभर ओळखले गेले. आज आपल्याला त्यांच्या कीर्तीकडे पाहायचे नाही. ज्या घरात ते जेवले, त्या घराकडे पाहायचे आहे.

पगार बेताचा, कर्ज डोक्यावर, घरी गायी आणि थोडी शेती. सॅम्युअल विद्वान होते, कवी होते, पण पैशाच्या व्यवहारात कच्चे होते. घर चालवण्याचा, मुलांना जेवू घालण्याचा आणि शिकवण्याचाही भार सुझानाबाईंवर होता. त्या स्वतः घरातच रोज सहा तास शाळा भरवत.

बोलता येण्याआधीची प्रार्थना

१७३२ मध्ये जॉनच्या आग्रहावरून सुझानाबाईंनी एक दीर्घ पत्र लिहिले. मुलांना कसे वाढवले, त्याची पद्धत त्यात सांगितली आहे. जेवणासंबंधीचा भाग आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे.

त्या घरात तान्हे मूल बोलायला किंवा गुडघे टेकायलाही शिकण्याआधी जेवणाच्या वेळी खूण करून आशीर्वाद मागायला शिकत असे. शब्द नंतर येत, कृतज्ञता आधी येई. आपण मुलांना आधी श्लोक पाठ करायला लावतो आणि अर्थ कधीतरी कळेल असे म्हणतो. तेथे क्रम असा होता की आधी थांबायला शिकायचे. समोर अन्न आहे, भूक आहे, तरीही हात लगेच ताटात जात नाही. हा एक क्षण थांबणे हीच पहिली प्रार्थना.

मोठ्यांच्या टेबलाशेजारी मुलांसाठी एक छोटे टेबल आणि छोट्या खुर्च्या असत. सुरी-काटा धरता येऊ लागला की मूल मोठ्यांच्या पंगतीला बसे. सकाळी चमच्याने खायचे पातळ अन्न असे. आपल्याकडची पेज डोळ्यापुढे आणा. त्या वेळी एकच पदार्थ, तोही बेताने. पोटभर जेवण दुपारी मिळे, पण हे हवे, ते नको असा हट्ट चालत नसे. मधल्या वेळी खाणे नाही. संध्याकाळी सहाला घरची प्रार्थना झाली की रात्रीचे जेवण आणि आठपर्यंत सगळी मुले अंथरुणात.

आणखी एक नियम पाहा. घरातली नोकरमाणसे जेवत असताना मुलांनी स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्याकडे काही मागायचे नाही. हेतू कदाचित शिस्तीचा असेल, पण त्यातून मुलांच्या मनावर जे ठसते ते फार मोठे आहे. जो आपल्याला वाढतो त्यालाही भूक असते आणि त्याचेही जेवण शांतपणे व्हायला हवे. आपल्या घरी काम करणाऱ्या मावशी चहाचा कप तोंडाला लावतात आणि त्याच क्षणी आपण त्यांना हाक मारतो. हा नियम वाचताना त्याची आठवण व्हावी.

आणि एक गोष्ट आपल्या मराठी मनाला लगेच जवळची वाटेल. त्या घरात भावंडांनी एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारायची नसे. नावाबरोबर भाऊ किंवा बहीण हा शब्द जोडायलाच हवा. आपल्याकडे ताई, दादा म्हणतात ना, तेच!

त्या पत्रातले सगळेच आपण स्वीकारावे असे नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेथे छडीचा धाक होता, रडायचे तर हळू रडायचे असा दंडक होता. संतसज्जनांच्या चरित्रातूनही सार घ्यावे आणि काळाचे टरफल बाजूला ठेवावे. प्रेमाने जे शिकवता येते त्यासाठी भीतीची गरज नसते.

तीन गायी आणि दोन अंगठ्या

आता परीक्षेची वेळ पाहू. १७०५ साली निवडणुकीत सॅम्युअल यांनी घेतलेल्या बाजूमुळे गावातले काही लोक त्यांच्यावर उठले. ३० पौंडांपेक्षाही कमी कर्ज थकले होते. त्यासाठी त्यांना लिंकनच्या तुरुंगात टाकण्यात आले. ते तुरुंगात असताना रात्री कोणीतरी घरच्या तीन गायींना भोसकले. त्या गायींच्या दुधावरच घरातल्या लेकरांची गुजराण होती.

सॅम्युअल तुरुंगात गेले तेव्हा त्यांच्याजवळ दहा शिलिंगांहून थोडे अधिक होते. घरी पत्नीजवळ तेवढेही नव्हते. अशा वेळी सुझानाबाईंनी काय केले? पाठवायला दुसरे काहीच नव्हते म्हणून बोटांतल्या अंगठ्या काढून नवऱ्याकडे पाठवून दिल्या. त्यांनी त्या परत धाडल्या.

त्या अंगठ्यांनी कोणाचे पोट भरले नाही. तरीही त्या गेल्या आणि परत आल्या, यातच त्या घराची श्रीमंती दिसते. तिला वाटले, त्याच्याजवळ काहीतरी असावे. त्याला वाटले, तिच्याजवळ असू दे. ज्या घरात शेवटची भाकरी एकमेकांच्या ताटात सरकवली जाते, तेथे ईश्वराला वेगळे बोलवावे लागत नाही.

खरे उत्तर

याच काळातला एक प्रसंग साधकाने मनात कोरून ठेवावा असा आहे. यॉर्कचे आर्चबिशप जॉन शार्प यांनी सुझानाबाईंना विचारले, तुम्हाला खरोखर कधी भाकरीची वाण पडली का?

धर्मगुरूची पत्नी. समोर धर्मसंस्थेतला इतका मोठा अधिकारी. येथे तोंडावर हसू आणून, देवाच्या दयेने सगळे ठीक आहे, असे म्हणणे किती सोपे होते! आपण असेच म्हणतो. श्रद्धावान माणसाने तक्रार करू नये, असा आपला समज असतो.

सुझानाबाईंनी तसे केले नाही. त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा: खरे बोलायचे तर भाकरी कधी अगदीच मिळाली नाही असे झाले नाही. पण ती तोंडात पडण्याआधी मिळवण्याची एवढी काळजी आणि खाऊन झाल्यावर तिचे पैसे फेडण्याची एवढी काळजी, की पुष्कळदा त्या भाकरीची गोडीच जाते. अशा अटींवर मिळालेली भाकरी म्हणजे अजिबात भाकरी नसण्याच्या एकच पायरी वरची अवस्था.

आर्चबिशप म्हणाले, तुमचे म्हणणे बरोबर आहे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चांगली रक्कम हाती ठेवली.

साधकहो, या उत्तरात दोन गोष्टी एकत्र नांदतात. भाकरी मिळाली हे त्यांनी नाकारले नाही. ती कृतज्ञता आहे. ती मिळवताना काय सोसावे लागले हेही लपवले नाही; ते सत्य आहे. आपल्याला वाटते की या दोहोंपैकी एकच निवडावे लागते. दुःख बोललो तर श्रद्धा कमी पडली, आणि आभार मानायचे तर दुःख गिळले पाहिजे. असे मुळीच नाही. सत्याला दडपून उभी राहिलेली कृतज्ञता आतून पोकळ असते. तिने मन हलके होत नाही, उलट कोंडते. त्या खरे बोलल्या म्हणूनच मदतीचा हात पुढे आला, हेही विसरू नये. ईश्वर पुष्कळदा दुसऱ्या माणसाच्या हाताने वाढतो. आपण आपले रिकामे ताट झाकूनच ठेवले तर वाढणाऱ्याला ते दिसणार कसे?

पाच भाकरी

बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात एक कथा आहे. पाच हजारांचा जमाव भुकेला आहे आणि एका मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी व दोन मासळ्या आहेत. एवढ्याने काय होणार, असा प्रश्न शिष्यांनाही पडतो. येशू त्या भाकरी हातात घेतात, देवाचे आभार मानतात आणि मग वाटायला सुरुवात करतात.

चमत्काराकडे आपले लक्ष पटकन जाते, म्हणून आभारांचा क्षण निसटतो. आभार मानले तेव्हा भाकरी किती होत्या? पाचच. सगळे तृप्त झाल्यावर आभार मानणे हा शिष्टाचार झाला. अपुरे आहे हे डोळ्यांनी दिसत असताना आभार मानणे ही श्रद्धा झाली. आणि कथा येथे संपत नाही. सगळे जेवल्यावर येशू सांगतात की उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ देऊ नका. बारा टोपल्या भरतात. ज्याच्यापाशी इतके विपुल देण्याचे सामर्थ्य आहे, तोही तुकडा टाकू देत नाही. फ्रिजमध्ये मागे ढकललेली कालची भाजी तीन दिवसांनी कचऱ्यात टाकताना हे आठवावे.

घर जळाले तेव्हा

९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री एपवर्थचे ते घर पेटले. सगळे बाहेर पडले, पण पाच वर्षांचा जॉन वरच्या मजल्यावर राहिला. तो खिडकीत दिसला. शिडी आणायला वेळ नव्हता, म्हणून एक माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर चढला आणि त्याला खाली ओढून घेतले. त्यानंतर छप्पर कोसळले.

सॅम्युअल यांनी शेजाऱ्यांना गुडघे टेकून देवाचे आभार मानायला बोलावले. आठही मुले मिळाली आहेत, घर जाऊ दे, मी पुरेसा श्रीमंत आहे, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. पुस्तके, कागद, कपडे, धान्य, सगळे राखेत होते. अशा वेळी माणूस सहसा गेलेल्याची मोजदाद करतो. त्यांनी उरलेल्याची केली. कृतज्ञता म्हणजे दुसरे काय? मोजायला कोठून सुरुवात करायची, एवढाच तर फरक आहे.

पुढे घर पुन्हा बांधेपर्यंत मुले निरनिराळ्या कुटुंबांत विखुरली. परत आली तेव्हा त्यांच्या सवयी बिघडल्या होत्या. सुझानाबाईंनी पुन्हा घडी बसवली. प्रत्येक मुलासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवली. त्या वेळी त्या मुलाशी एकट्याशी बोलायचे. जॉनचा वार गुरुवार. पुढे तरुणपणी, शिकून मोठा झाल्यावरही, त्या गुरुवारच्या संध्याकाळचा थोडा वेळ आपल्यासाठी काढावा असे त्याने आईला लिहिले होते. मोठ्या घरात सगळ्यांची ताटे भरतात, पण एकेकाचे मन भरायचे राहून जाते. ते राहू नये म्हणून ही योजना होती.

स्वयंपाकघराचे दार

या संध्याकाळींमागे आपल्या भारताचाही एक धागा आहे. १७०६ मध्ये दोन मिशनरी डेन्मार्कच्या राजाच्या पाठिंब्याने तामिळनाडूतल्या तरंगमबाडी येथे आले होते. त्यांच्या कार्याचा वृत्तांत थोरल्या मुलीला, एमिलीला, वडिलांच्या अभ्यासिकेत सापडला आणि तो सुझानाबाईंना वाचून दाखवला गेला. त्या फार हेलावल्या. मी पुरुष नाही, धर्मगुरूही नाही, पण आज करते त्याहून अधिक काही करू शकेन, असा विचार त्यांच्या मनात आला.

१७११-१२ च्या हिवाळ्यात सॅम्युअल लंडनला होते. रविवारी संध्याकाळी सुझानाबाई मुलांना आणि नोकरांना स्वयंपाकघरात जमवून प्रार्थना आणि प्रवचन वाचून दाखवू लागल्या. घरात कामाला असलेल्या एका मुलाने हे आपल्या आईवडिलांना सांगितले. त्यांनी विचारले, आम्हीही येऊ का? मग आणखी काही आले. तीस-चाळीस झाले, आणि एका रविवारी दोनशेच्या आसपास माणसे जमली. जागा नाही म्हणून कित्येक परत गेले.

सॅम्युअल यांच्या सहायक धर्मगुरूंना हे रुचले नाही. त्यांनी लंडनला तक्रार लिहिली. पतीने हे थांबवावे असे सुचवले, तेव्हा सुझानाबाईंनी नम्रपणे पण ठामपणे कळवले की नुसते सुचवू नका, स्पष्ट आज्ञा द्या. म्हणजे ईश्वरापुढे उभे राहायची वेळ येईल तेव्हा ही संधी दवडल्याचा दोष माझ्यावर येणार नाही. त्या संध्याकाळी पुढेही चालू राहिल्या.

ज्या घराच्या गायी गावातल्याच कोणीतरी भोसकल्या, त्याच घराने सहा-सात वर्षांनी स्वयंपाकघराचे दार गावाला उघडले, हे ध्यानात घ्या. कृतज्ञता खरी आहे की नाही, हे ओळखायची खूण हीच. ती आपल्या ताटापाशी थांबत नाही, दाराबाहेर जाते.

मार्था थकली होती

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. लूकच्या शुभवर्तमानात दोन बहिणींची कथा आहे. येशू घरी आले. मारिया त्यांच्या पायांशी ऐकत बसली आणि मार्था पाहुणचाराच्या कामात गुंतली. शेवटी मार्थाने तक्रार केली की बहिणीने मला एकटीला कामाला सोडले, तिला मदत करायला सांगा. येशूंनी तिला प्रेमाने दोनदा नावाने हाक मारली आणि म्हटले की तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस. मारियाने चांगला वाटा निवडला आहे.

या कथेचा आधार घेऊन स्वयंपाकाला हलके लेखणारे लोक असतात. पण योहानाच्या बाराव्या अध्यायात पुन्हा तेच घर येते आणि तेथेही मार्था वाढतेच आहे. या वेळी तक्रारीचा शब्द नाही. काम तेच, मन निवलेले. दोष कामात नव्हता. काळजीने मन शंभर ठिकाणी ओढले जात होते, तेथे होता.

तरीही मार्थाच्या तक्रारीतले सत्य आपण सोडू नये. ती एकटी होती. घरातले बाकीचे भक्तीत रमलेले आणि एकच व्यक्ती चुलीपाशी, असे आपल्याकडेही होते. सणाच्या दिवशी तर हमखास होते. अन्नाबद्दल ईश्वराचे आभार मानायचे आणि ते शिजवणाऱ्या हातांकडे पाहायचेही नाही, ही कृतज्ञता अर्धवट आहे. सगळे चांगला वाटा निवडू शकतील अशी घरातल्या कामांची वाटणी करणे, हीदेखील साधनाच आहे.

आजपासून काय करावे

साधकहो, ऐकलेले आचरणात आले तरच ते आपले. या आठवड्यापुरते एवढे करून पाहा.

एक, ताट समोर आले की पहिल्या घासाआधी तीन श्वास थांबा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. घरात लहान मूल असेल तर त्याला शब्द शिकवण्याआधी हे थांबणे शिकवा.

दोन, ईश्वराचे आभार मानल्यावर ज्यांनी स्वयंपाक केला त्यांच्याकडे पाहून त्यांचेही आभार माना. आई असो, पत्नी असो, वडील असोत, पोळ्या करायला येणाऱ्या मावशी असोत.

तीन, आठवड्यातून एक जेवण असे करा की जे रोज शेवटी जेवतात ते त्या दिवशी आधी बसतील आणि बाकीचे वाढतील. भांडीही तेच घासतील.

चार, उरलेले अन्न त्याच दिवशी पाहा. दुसऱ्या दिवशी त्याचे काय करायचे ते ठरवूनच झोपा.

पाच, घरात ओढाताण असेल तर विश्वासाच्या एका माणसाला खरे सांगा. ते सांगणे श्रद्धेविरुद्ध नाही. आणि कोणी आपल्याला तसे सांगितले, तर त्याला उपदेश करत बसू नका. आर्चबिशपांप्रमाणे तुमचे म्हणणे बरोबर आहे एवढे म्हणा आणि सकाळ होताच जमेल ती मदत पोहोचवा.

सुझाना वेस्ली १७४२ मध्ये लंडनला वारल्या. अखेरपर्यंत त्यांच्या संसारात पैशाची सुबत्ता कधी आली नाही. पण ज्या मुलांनी बोलायच्या आधी आभार मानायला शिकले, त्यांच्या हातून हजारोंना आधार मिळाला. आपल्या स्वयंपाकघरातही आज रात्री कुकरची शिट्टी होईल, पोळ्यांचा डबा भरेल, कोणीतरी जेवायला या अशी हाक मारेल. त्या हाकेला लगेच उठून जा, बसा आणि क्षणभर थांबा. ज्याने दिले, ज्याने पिकवले आणि ज्याने रांधले, त्या सर्वांपुढे मस्तक नमवा. त्या नमण्याने अन्नाचा प्रसाद होवो आणि आपल्या घरातले कोणीही उपाशी, एकटे किंवा न विचारलेले न राहो, हीच त्या दयाघनाच्या चरणी प्रार्थना.